शर्यतीचा कॅमशाफ्ट आणि सासऱ्यांचा पाय

"कॅमशाफ्टच्या बाबतीत जगात दोनच प्रकारची माणसं," जावईबापू म्हणाले, "एक मी, आणि बाकीचे मला विचारणारे!"

हे त्यांनी सासुरवाडीच्या जेवणाच्या टेबलावर, रविवारी दुपारी, तिसऱ्यांदा वाढून घेता घेता जाहीर केलं. खरं सांगायचं तर कॅमशाफ्टबद्दल त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. सासूबाईंनी फक्त "अजून वाढू का?" एवढंच विचारलं होतं.

जावईबापू विमा कंपनीत हेडक्लार्क. पण जुन्या गाड्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आता तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे जुनी गाडी कोणती? एकही नाही! एक स्कूटर होती आणि ती दुरुस्तीला देताना ते गॅरेजबाहेर उभे राहत. पोहता न येणारा माणूस काठावरून जेवढ्या सूचना देतो तेवढ्या पोहणारा कधी देत नाही, त्यातलाच प्रकार. जुन्या गाड्यांच्या मालकांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, त्यात जावईबापूंचा शब्द अखेरचा. कारण त्यांनी एक तक्ता केला होता! चौदा रकाने, तीन रंग, वर प्लॅस्टिकचं आवरण. तक्त्याचं नाव, 'कोणाचा कॅमशाफ्ट कोणात बसतो.'

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला एक लोखंडी दांडा. त्याच्या अंगावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात, म्हणजे इंजिनाने श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा हे तो ठरवतो. एकाच कंपनीने एकच इंजिन घरगुती गाडीत घातलं, मालाच्या व्हॅनमध्ये घातलं आणि दोन दारांच्या शर्यतीच्या गाडीतही घातलं. दांड्याची लांबी तीच, जाडी तीच, भोकं तीच. जावईबापूंनी लोकांकडून मापं मागवली, ताडून पाहिली आणि तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण केली. बसतो! बसल्यावर चालतो कसा, असा रकाना तक्त्यात नव्हता. जागाच उरली नव्हती.

सासऱ्यांची गाडी त्या घरगुती प्रकारातली होती. चार दारं, फिकट हिरवा रंग, वय बेचाळीस. सासरे निवृत्त ग्रंथपाल. सगळा जन्म "हळू बोला" म्हणण्यात गेला, आणि गाडीही त्यांनी तशीच चालवली. ताशी पंचवीस. सायकलवाले मागून येऊन पुढे जात, तेव्हा सासरे त्यांना हात करत. आठवड्यातून दोनदा ते सासूबाईंना गुडघ्यांच्या व्यायामाला घेऊन जात. या दोन फेऱ्यांसाठी सासरे सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून बसत.

आता सासऱ्यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली होती. लायसन्स पुढे चालू ठेवायचं तर इन्स्पेक्टरला शेजारी बसवून परीक्षा द्यायची होती. पास झाले तर ठीक, नाहीतर लायसन्स जमा, गाडी विकायची आणि त्या दोन फेऱ्याही संपल्या.

"बाबा, गाडी टकटक करते," जावईबापूंनी मुद्द्याला हात घातला. "इन्स्पेक्टरने ऐकलं तर?"

"थोडी करते," सासरे म्हणाले. "या वयात कोण करत नाही?"

"कॅमशाफ्ट झिजलाय. मी बदलून आणतो! परीक्षेच्या आत!"

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. "चालतेय ना गाडी? मग कशाला तिच्या पोटात हात घालायचा?"

पण सासऱ्यांनी किल्ली काढून जावयाच्या हातात ठेवली. "जावईबापू म्हणतात तर बरोबरच असणार. त्यांचा तक्ता आहे."

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. जावईबापू ते विसरायचा अजूनही प्रयत्न करतात.

*

भंगारवाल्याकडे घरगुती गाडीचा कॅमशाफ्ट नव्हता. व्हॅनचाही नव्हता. दोन दारांच्या शर्यतीच्या गाडीचा मात्र होता, तेलात माखलेला, चकचकीत, अगदी कोरा वाटावा असा. जावईबापूंनी खिशातून तक्ता काढला, बोट फिरवलं आणि स्वतःच्याच खुणेकडे बघून स्वतःच खूश झाले.

गाडीचं काम करणाऱ्या वयस्कर मेकॅनिकला सगळे फिटरमामा म्हणत. मामांनी तो दांडा उजेडात धरला, जुना त्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्हींवरून बोट फिरवलं.

"साहेब, याचे उंचवटे बघा. जुन्यापेक्षा केवढे फुगीर! हा पळायचा दांडा आहे. सावकाश चालायचं याला माहीतच नाही."

"पण बसतो ना?"

"बसतो हो. माझ्या पायात माझ्या नातवाचा बूटसुद्धा एकवेळ बसेल. चालवणार कसं?"

"मामा, तक्त्यात बरोबरची खूण आहे!"

"तक्ता कोणाचा?"

"माझा!"

"मग प्रश्नच मिटला," मामा म्हणाले आणि पाना उचलला.

दांडा बसला. अगदी मोजून शिवल्यासारखा बसला! जावईबापूंनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'तक्ता बोलतो तेच खरं.' एकावन्न अंगठे आले. मग मामांनी इंजिन सुरू केलं. ते गदगदलं, खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. शेवटी मामांनी स्क्रू पिळून पिळून वेग वाढवला तेव्हा ते टिकलं, पण उभ्या गाडीत असा काही आवाज येऊ लागला की समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं.

"नवीन पार्ट आहे. रुळेल," जावईबापू म्हणाले.

"हा रुळणाऱ्यातला नाही," मामा म्हणाले. "जुना दांडा मी कापडात गुंडाळून ठेवतो. तुम्ही याल."

परत येताना गाडीने रंग दाखवला. हळू चालवावी तर हिसके देऊन बंद पडे. पाय थोडा दाबावा तर काहीच होत नसे, आणखी दाबावा तरी काही नाही, आणि मग एकदम सगळंच होई! जावईबापू दोन सिग्नल ओलांडून तिसऱ्यावर थांबले तेव्हा त्यांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढून धरला. पण खोटं कशाला बोला, त्यांना मजाही आली. घरी पोचल्यावर ते सासऱ्यांना एवढंच म्हणाले, "बाबा, थोडी चपळ झालीय."

"छान, छान," सासरे म्हणाले. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

*

परीक्षेचं मैदान म्हणजे एक मोठं डांबरी आवार, एका बाजूला टेबल, टेबलासमोर तीसएक माणसांची रांग. परीक्षाही सोपी. नऊ खांबांमधून नागमोडी जायचं, सावकाश. चढावर थांबायचं आणि पुन्हा निघायचं, सावकाश. मागे घेऊन चौकटीत लावायची, तीही सावकाशच. म्हणजे सासरे बेचाळीस वर्षं जे करत आले तेच करून दाखवायचं! सासूबाई आणि जावईबापूंची बायको बाकावर निवांत बसल्या होत्या. इन्स्पेक्टर फळीला कागद लावून गाडीत बसला.

पहिल्या खांबापाशी गाडी बंद पडली. दुसऱ्यापाशीही पडली. सासऱ्यांनी पाय थोडा दाबला, मग आणखी थोडा. आणि मग बाकावरून जे दिसलं ते असं: हिरवी गाडी मोकाट सुटलेल्या वासरासारखी उधळली. तिसरा खांब गेला. चौथा, पाचवा, सहावा गेला. सातवा बंपरला अडकून बरोबरच निघाला. सासरे खिडकीतून लोकांना "माफ करा, माफ करा" म्हणत होते. तेही हळू आवाजात!

चढावर तर कहरच झाला. गाडी थांबली, ते ठीक. पण निघाली ती अशी की चढ संपून उतार लागला तरी चारही चाकं जमिनीला टेकली होती की नाही यावर रांगेत दोन मतं पडली. इन्स्पेक्टरचं डोकं छतावर आपटल्याचं मात्र सगळ्यांनी ऐकलं. मागे घेण्याच्या परीक्षेला सुरुवात झाली तेव्हा रांगच उरली नव्हती. माणसं कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसली होती.

इन्स्पेक्टर खाली उतरला. त्याने डोकं चोळत चोळत शेरा लिहिला. 'अर्जदारास वेगाचा मोह आवरत नाही. वय पाहता अत्यंत धोकादायक. एक फेरपरीक्षा, वीस दिवसांत. अन्यथा लायसन्स रद्द.'

सासरे गाडीतून उतरले आणि आपल्या उजव्या पायाकडे बघत उभे राहिले. जणू तो पाय त्यांच्या ओळखीचाच नव्हता.

"माझा पाय ऐकेनासा झालाय," ते म्हणाले. "मी दाबतोय थोडा आणि तो दाबतोय भलताच. मला कळलंच नाही हे कधी झालं."

हीच ती वेळ होती. जावईबापूंच्या तोंडात वाक्य तयार होतं. 'बाबा, पाय नाही, कॅमशाफ्ट.' चारच शब्द! पण बाजूला बायको होती, सासूबाई होत्या, भिंतीवर तीस माणसं होती आणि खिशात एकावन्न अंगठे होते. जावईबापूंनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते हे:

"होतं असं, बाबा. वय झालं की होतं."

बोलून गेल्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बोलून तर गेले होते.

*

पुढचे अकरा दिवस जावईबापूंना अन्न गोड लागलं नाही. तीनदा वाढून घेणारा माणूस एकदा वाढून घेऊ लागला.

सासरे डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय टुणकन उडाला. "उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "उत्तम कसला," सासरे म्हणाले, "बघा ना, कसा उडतोय!" मग त्यांनी वजनाचा काटा जेवणाच्या टेबलाखाली ठेवला आणि त्यावर उजवा पाय दाबून सराव सुरू केला. दोन किलो म्हटलं की दोनच किलो आले पाहिजेत. काटा प्रत्येक वेळी बरोबर दोनवर येई. सासरे मान हलवत. "घरात ऐकतो. गाडीत गेला की बिघडतो."

सासूबाईंना व्यायामाला न्यायचं काम जावयाकडे आलं. पहिल्याच फेरीत गाडी घराच्या दारात तीनदा बंद पडली आणि चौथ्यांदा जी सुटली ती थेट पुढच्या चौकात. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुमचाही पाय ऐकत नाही वाटतं?"

"रस्ता खराब आहे, आई," जावईबापू म्हणाले.

सासूबाईंनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. गेल्याच महिन्यात डांबर झालेलं होतं.

शेवटी जावईबापूंनी एक बेत केला. गुपचूप मामांकडे जायचं, जुना दांडा परत बसवायचा, आणि सासऱ्यांना सांगायचं की सरावाने पाय सुधारला. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही! मामांनी काही न विचारता कापडाची गुंडाळी काढली. ते काही विचारत नाहीत याचा जावईबापूंना फार त्रास झाला. दोन दिवसांत गाडी पूर्ववत झाली, टकटक करत, सावकाश, सभ्यपणे चालू लागली.

"बाबा, चला, एक चक्कर मारू," जावईबापू उत्साहाने म्हणाले.

"नको."

"अहो, फेरपरीक्षा आहे पुढच्या आठवड्यात!"

"नको, जावईबापू." सासरे काट्यावरचा पाय न उचलता बोलत होते. "त्या दिवशी खांब होते म्हणून निभावलं. उद्या एखादं लेकरू असलं तर? मी आता स्टिअरिंगला हात लावणार नाही. गिऱ्हाईक बघा तुम्ही गाडीला. तुमच्या ओळखी आहेत."

जावईबापूंनी काट्याकडे पाहिलं. काटा दोन किलोवर स्थिर होता, केसभर हलत नव्हता. इंजिन दोन दिवसांत दुरुस्त झालं होतं, पण हा माणूस दुरुस्त करायला मामा चालणार नव्हते.

"बाबा," ते खुर्चीच्या कडेवर बसले. "तुमच्या पायाला काही झालेलं नाही. माझा कॅमशाफ्ट चुकला."

मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं. शर्यतीची गाडी, फुगीर उंचवटे, मामांचा इशारा, तक्ता, अंगठे. "गाडी तशी धावली ती माझ्यामुळे. आणि वय झालं म्हणालो ना, ते... ते मला बोलायलाच नको होतं. मला फार लाज वाटते, बाबा."

सासऱ्यांनी काट्यावरचा पाय उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला.

"म्हणजे पाय ठीक आहे माझा?"

"अगदी ठणठणीत!"

"पुन्हा सांगा."

"पाय ठीक आहे."

"ते नव्हे. तुमचं काय चुकलं ते पुन्हा सांगा. जरा मोठ्याने." आणि जन्मभर "हळू बोला" म्हणणारे सासरे स्वतः ओरडले, "अगं ए, बाहेर ये! जावईबापू काय म्हणताहेत ऐक!"

जावईबापूंनी सासूबाईंना सांगितलं. मग सासऱ्यांनी डॉक्टरला फोन लावला आणि रिसीव्हर जावयाच्या हातात दिला. डॉक्टरलाही सांगितलं. शेजारच्या काकांनी परवा सहानुभूती दाखवली होती, त्यांना बोलावून आणलं. रात्रीच्या जेवणापर्यंत जावईबापूंनी तीच गोष्ट सात वेळा सांगितली होती आणि एकदाही सासऱ्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. ते फक्त पाय हलवत ऐकत होते.

ग्रुपवर जावईबापूंनी स्वतःहून लिहिलं, 'तक्ता चुकीचा आहे. बसतो म्हणजे चालतो असं नाही.' या खेपेला अंगठे आले नाहीत. एक प्रश्न आला, 'मग माझ्या व्हॅनमध्ये परवा बसवलेल्याचं काय?'

*

फेरपरीक्षेला इन्स्पेक्टर हेल्मेट घालून आला.

"साहेब, आधी यांचं जरा ऐकून घ्या," सासऱ्यांनी जावयाला पुढे केलं. रांगेतल्या तीस माणसांदेखत जावईबापूंनी आठव्यांदा कबुली दिली. इन्स्पेक्टरने ती शेवटपर्यंत ऐकली.

"म्हणजे त्या दिवशी गाडी हे चालवत होते, पण उधळवत तुम्ही होता?"

"हो."

"मग लायसन्स कोणाचं रद्द करायचं होतं मी?"

रांग पोट धरून हसली. जावईबापू बुटाच्या नाड्या बघत उभे राहिले. त्या सुटलेल्या नव्हत्या, तरी त्यांनी वाकून पुन्हा बांधल्या.

सासऱ्यांनी नऊ खांब पार करायला साडेअकरा मिनिटं घेतली. एकाही खांबाला धक्का नाही. चढावर गाडी थांबली आणि निघाली, पण नेमकी कधी निघाली ते कोणाला कळलं नाही. शेवटी शेवटी इन्स्पेक्टरने हेल्मेट काढलं आणि जांभई दिली. लायसन्स पाच वर्षांसाठी वाढलं.

घरी परतताना सासरे चालवत होते, शेजारी सासूबाई, मागे जावईबापू आणि बायको. ताशी पंचवीस. एक सायकलवाला पुढे गेला आणि सासऱ्यांनी त्याला हात केला. जावईबापूंना वाटलं, झालं एकदाचं. सुटलो.

"मी यांना त्याच दिवशी सांगितलं होतं," सासूबाई समोर बघत म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं शेजारी बसतेय. पाय पळवतोय की इंजिन पळवतंय एवढं कळत नाही का मला?"

"मग बाबांना पटलं नाही?" जावईबापूंनी चाचरत विचारलं.

"अगं, असू दे ना," सासरे म्हणाले.

"असू दे कसं? हे काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, गाडीत काही दोष असता तर जावईबापू आपणहून बोलले असते. ते गप्प आहेत, म्हणजे दोष माझाच."

इंजिन टकटक करत होतं. जावईबापूंनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," बायको म्हणाली. "मी आईला तेव्हाच म्हणाले होते, हे कधीच सांगणार नाहीत."

"बाबा, मला इथेच सोडता का? चालत जाईन म्हणतो."

"बसा हो, बसा," सासरे मायेने म्हणाले. "आलंच आता."

घर अजून चार किलोमीटर होतं. गाडी इतकी हळू चालली होती की दार उघडून जावईबापू खाली उतरले असते तरी त्यांना खरचटलंसुद्धा नसतं. पण उतरून तोंड लपवायला जाणार कोणाकडे? जी काय आपली माणसं होती ती सगळी त्या गाडीतच बसलेली होती.